‘हे कशासाठी?’ असं कोणी विचारलं तर: बदललेली सवय कुतूहल आणि शंका असलेल्यांना कशी समजावून सांगावी

साखर सोडली, दारू बंद केली, आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला सुरुवात केली, झोपण्याची वेळ ठरवून घेतली. बदल कोणताही असो, तो दिसायला लागला की आसपासची माणसं विचारतात. कोणाला खरंच जाणून घ्यायचं असतं, तर कोणाला त्यात काही तथ्य वाटत नसतं. दोघांशी बोलताना चूक बहुधा एकच होते. प्रश्न असतो तुमच्याबद्दल आणि उत्तर दिलं जातं सगळ्यांनी कसं जगावं याबद्दल. पाच मिनिटांत संभाषणाचा वाद होतो. समोरचा आपली बाजू लावून धरतो आणि तुम्हीही पुराव्यापेक्षा जास्त बोलून बसता.

चांगलं उत्तर समोरच्याला पटलंच पाहिजे असं नाही. ते त्याला तपासून पाहता आलं पाहिजे. तुम्ही नेमकं काय करता, कशासाठी करता, फरक कशावरून कळला आणि काय दिसलं तर मत बदलाल, एवढं स्पष्ट असलं की शंका घेणाऱ्याशीही शांतपणे बोलता येतं. पुढची सगळी तयारी याचसाठी आहे.

आधी अर्धं पान लिहून काढा

तोंडी उत्तर देण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर उतरवा. मनात स्पष्ट वाटणारं बरंचसं लिहिताना धूसर निघतं, आणि तो धूसर भाग शंकेखोर माणूस बरोबर हेरतो.

पहिली गोष्ट, नेमकं काय बदललं. ‘गोड बंद केलं’ हे नेमकं नाही, कारण पुढच्याच क्षणी कोणीतरी तुमच्या हातातल्या फळाकडे बोट दाखवेल. ‘साखर घातलेली पेयं पूर्ण बंद, बाकीचे गोड पदार्थ आठवड्यातून एकदा, फळं पूर्वीसारखीच’ हे नेमकं आहे. ‘व्यायाम सुरू केला’ याऐवजी ‘आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम, पाच प्रकार, प्रत्येकाचे दोन ते तीन संच, एका संचात ८ ते १२ वेळा, एकूण ४० मिनिटं’ असं लिहा.

दुसरी गोष्ट, कारण. इथे स्वतःशी प्रामाणिक राहणं सगळ्यात अवघड जातं. कारणं साधारण तीन जातींची असतात. काही वैद्यकीय: तपासणीत काही सापडलं, डॉक्टरांनी सांगितलं. काही अनुभवाची: दुपारी सुस्ती यायची, आता येत नाही. आणि काही मूल्यांची किंवा आवडीची: प्राण्यांबद्दलची भावना, धर्म, पैसे वाचवणं, किंवा केवळ असं जगणं बरं वाटतं म्हणून. एका जातीचं कारण दुसऱ्या जातीचं म्हणून कधीही सांगू नका. ज्यानं प्राण्यांच्या कळवळ्यानं मांसाहार सोडला आहे तो ‘प्रकृतीसाठी सोडला’ असं सांगू लागला, तर प्रकृतीचा मुद्दा खोडला गेला की त्याच्याकडे काही उरत नाही. आणि तो मुद्दा थोडाफार खोडता येतोच. खरं कारण सांगितलं असतं तर वादच झाला नसता. मूल्य पटलं नाही तरी माणसं त्याचा मान ठेवतात.

तिसरी गोष्ट, काय मोजता. चौथी, काय दिसलं तर बदल थांबवाल किंवा त्यात सुधारणा कराल. ‘तीन महिन्यांत रक्तदाबात फरक दिसला नाही तर डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय बघेन’ हे एक वाक्य अर्धा तास बाजू मांडण्यापेक्षा जास्त विश्वास कमावतं. आपण आंधळेपणानं कशाच्या मागे लागलेलो नाही, हे त्यातून आपोआप कळतं.

पुराव्याला पेलेल एवढाच दावा करा

शंकेखोर माणूस सहसा तुमच्या सवयीवर हल्ला करत नाही. तो तुमच्या दाव्याच्या फुगलेल्या भागावर करतो. म्हणून बोलण्याआधीच फुगलेला भाग काढून टाका.

साखरेचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनेनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १०% पेक्षा कमी ऊर्जा ‘मुक्त’ साखरेतून यावी, आणि ५% च्या खाली राहता आलं तर आणखी चांगलं. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी १०% म्हणजे साधारण ५० ग्रॅम आणि ५% म्हणजे २५ ग्रॅम. साखर घातलेल्या शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. ‘मुक्त’ साखरेत वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांचा रस यांतली साखर धरली जाते, अख्ख्या फळातली नाही. एवढी माहिती तुमच्या निर्णयाला पुरेशी आधार देते. ‘साखर हे विष आहे’ हे वाक्य त्यात कुठेच बसत नाही आणि त्याची गरजही नाही.

काही शब्द कायमचे बाजूला ठेवावेत. ‘डिटॉक्स’ किंवा ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ असं म्हटलं की ‘कोणतं द्रव्य? ते कसं मोजलं?’ हा प्रश्न येणारच आणि त्याला उत्तर नाही. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढली’ हेही तसंच. घरच्या घरी ती मोजता येत नाही, त्यामुळे ती वाढली हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. ‘यंदा सर्दी कमी वेळा झाली, पण ते कशामुळे ते सांगता येत नाही’ एवढंच खरं आहे, आणि तेवढं सांगायला हरकत नाही.

टक्केवारी सांगताना विशेष जपा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८% वाढतो, असा अंदाज त्यांनी दिला. हा आकडा ऐकून १०० पैकी १८ जणांना कर्करोग होतो असा अनेकांचा समज होतो. तसा त्याचा अर्थ नाही. १०० जणांच्या गटात एरवी ५ जणांना हा आजार होणार असेल, तर रोज खाणाऱ्यांच्या गटात तो साधारण ६ जणांना होईल. शिवाय पहिला गट म्हणजे ‘कर्करोग होतो याबद्दल पुरावा पक्का आहे’ एवढंच. किती प्रमाणात होतो हे त्या गटावरून कळत नाही. तंबाखूही त्याच गटात आहे, पण तंबाखूचा धोका कित्येक पटींनी मोठा आहे. हे दोन खुलासे तुम्हीच आधी केलेत तर समोरच्याला तुमची चूक काढायला जागा राहत नाही आणि मूळ मुद्दा आहे तितकाच भक्कम राहतो.

प्रश्न एक, विचारणारे वेगळे

‘हे काय नवीन?’ या एकाच वाक्यामागे निरनिराळी माणसं असतात. कोणाला काय हवं आहे हे त्याच्या पुढच्या प्रश्नावरून कळतं, म्हणून पहिलं उत्तर छोटं द्यावं आणि थांबावं.

ज्याला कुतूहल आहे तो ‘कसं’ विचारतो. किती वाजता, किती दिवस, सुरुवातीला जड गेलं का? त्याला कृती सांगा. अभ्यासांचे दाखले त्याला नको असतात.

ज्याला काळजी वाटते तो ‘तब्येत बरी आहे ना?’, ‘अशक्तपणा नाही ना येणार?’ असं विचारतो. घरातली मोठी माणसं बहुधा या गटात असतात, आणि त्यांच्या काळजीला शंका समजून वाद घालणं ही फार दुखावणारी चूक आहे. आत्या किंवा काका विचारत असतील तर ‘काळजी करू नका, तपासण्या करून घेतल्यात, सगळं ठीक आहे, जेवणही पोटभर आहे’ हेच खरं उत्तर.

तिसऱ्याला आपल्यावर ठपका ठेवला जातोय असं वाटतं. त्याची खूण म्हणजे ‘म्हणजे आम्ही सगळे चुकीचंच वागतो का?’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ साली मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. आपलं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस तीच गोष्ट आणखी घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे या माणसापुढे जितके पुरावे मांडाल तितका तो दूर जाईल. त्याला फक्त एवढंच हवं असतं: ‘हे माझ्यापुरतं आहे. माझी गरज वेगळी होती.’ आणि हे म्हटल्यावर खरोखर थांबायचं. पुढे ‘पण तूही एकदा करून बघ’ जोडलं की आधीचं वाक्य खोटं ठरतं.

आणि चौथा खरा शंकेखोर. तो ‘कशावरून?’ विचारतो. त्याच्याशी बोलण्यात सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण त्याच्या प्रश्नातून तुमची स्वतःची समज सुधारते. याचं एक ठसठशीत उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. आता शंका अशी: ड्रायव्हर होणारी माणसं मुळातच जाड असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकली नाही. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली आणि १९५६ साली छापलं की ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, तरुण वयापासूनच. म्हणजे सगळाच फरक जिन्यांमुळे म्हणता येत नव्हता, आणि पुढचे अभ्यास ही गोष्ट लक्षात घेऊन करावे लागले. हालचालीबद्दल आज जो पुरावा आहे तो भक्कम आहे, कारण अशा शंका टाळल्या गेल्या नाहीत.

दहा सेकंद, एक मिनिट, दहा मिनिटं

एकाच बदलाची तीन लांबीची उत्तरं तयार ठेवा. पन्नाशीच्या पुढच्या माणसानं वजनांचा व्यायाम सुरू केला आहे असं धरू.

दहा सेकंदांचं उत्तर: ‘आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो. म्हातारपणी खुर्चीतून स्वतःचं स्वतः उठता यावं म्हणून.’ जिन्यात, जेवताना, चारचौघांत एवढंच पुरतं. दहापैकी नऊ वेळा यापुढे जायची गरज पडत नाही.

एक मिनिटाचं उत्तर, म्हणजे समोरचा थांबला आणि त्यानं पुढे विचारलं तर: ‘वय वाढतं तसे स्नायू आणि ताकद कमी होत जाते. नुसत्या चालण्यानं ते फारसं भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आहेच, शिवाय दोन किंवा अधिक दिवस स्नायूंचा व्यायामही सांगितलाय. मी पहिला भाग करत होतो, दुसरा राहिला होता.’ यात एक कारण आहे, एक आधार आहे आणि स्वतःची परिस्थिती आहे. यापेक्षा जास्त कारणं घालू नका. पाच कारणं दिलीत तर ऐकणारा त्यातलं सगळ्यात लुळं कारण उचलतो आणि बोलणं तिथेच अडकतं.

दहा मिनिटांचं उत्तर फक्त विचारणाऱ्यालाच. त्यात प्रकार, वजन कसं वाढवायचं (एका संचात १२ वेळा सहज जमायला लागलं की थोडंसंच वाढवायचं, साधारण २ ते १० टक्के), पहिल्या आठवड्यातला अंगदुखीचा त्रास, दोन सत्रांत किमान एक दिवसाची विश्रांती, हे सगळं येऊ द्या.

या दीर्घ संभाषणासाठी समुपदेशनातली एक रीत फार उपयोगी आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ साली व्यसनमुक्तीच्या कामातून ती मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केली. आधी विचारायचं, मग सांगायचं, मग पुन्हा विचारायचं. ‘याबद्दल तुम्ही काय ऐकलंय?’ हा पहिला प्रश्न. त्यातून समोरच्याला काय माहीत आहे, कुठे गैरसमज आहे ते कळतं आणि माहीत असलेलंच पुन्हा सांगणं टळतं. मग ‘मला कळलेली एक गोष्ट सांगू का?’ अशी परवानगी घेऊन एकच गोष्ट सांगायची. शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारून गप्प राहायचं. ही शांतता अवघड वाटते आणि बहुतेक जण ती दुसऱ्या मुद्द्यानं भरून काढतात. तसं करू नका. समोरचा विचार करतोय.

हमखास येणारे आक्षेप

*‘आमचे आजोबा रोज सिगारेट ओढायचे, नव्वदीपर्यंत ठणठणीत होते.’* आजोबांबद्दल शंका घेऊ नका. ती गोष्ट खरी असणार. धोका म्हणजे प्रत्येकाचं ठरलेलं भविष्य नव्हे, हे सांगा. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद घ्यायला सुरुवात केली. ५० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००४ साली आले: आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं कमी जगले. सरासरी म्हटली की काही जण नव्वदी गाठणारच. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू जास्त कामाची आहे. साठीत सोडली तर साधारण ३ वर्षं, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत जवळजवळ सगळी १० वर्षं परत मिळतात. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्याला हे आकडे द्या.

*‘शास्त्रज्ञ रोज मत बदलतात.’* हा आक्षेप अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा मान्य करून टाका. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांमध्ये आहारातल्या कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१५–२०२० च्या आवृत्तीत ती काढली गेली. रोज १०,००० पावलं चालावं या आकड्याचा उगम १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रात आहे. कोणत्याही वैद्यकीय अभ्यासातून तो आला नव्हता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला २,७०० पावलांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. म्हणजे ‘दहा हजार हा जाहिरातीतला आकडा आहे’ म्हणणारा बरोबर आहे, आणि ‘चालण्यानं फायदा होतो’ म्हणणारे तुम्हीही बरोबर आहात. मग काय बदललेलं नाही ते सांगा: तंबाखू वाईट, हालचाल चांगली, भाज्या-फळं-अख्खी धान्यं उपयोगी. या गोष्टी कित्येक दशकं टिकून आहेत. बदलतात ते तपशील, आणि बातम्या मात्र तपशिलांच्याच होतात.

*‘थोडी दारू हृदयाला चांगली असते.’* हे मत पूर्वीच्या अभ्यासांवरून आलं आहे, म्हणून म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नका. त्या अभ्यासांतली अडचण समजावून सांगा. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली जायची, त्यामुळे तो गट मुळात जास्त आजारी दिसायचा आणि थोडी पिणारे तुलनेनं निरोगी वाटायचे. दारूची गणना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासून आहे.

*‘एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, तुझं अजून डळमळतंय.’* एकवीस दिवसांना आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती आपोआप घडायला लागण्याचा मध्यम कालावधी ६६ दिवस निघाला आणि व्यक्तीगणिक तो १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

*‘एवढंसं घे रे, एकदा घेतल्यानं काय होतं?’* हा आक्षेप नसून आग्रह आहे. याला पुरावा देऊ नका. ‘नको, मनापासून नको’ म्हणा आणि लगेच विषय बदला. पुन्हा आग्रह झाला तर तेच शब्द त्याच स्वरात. प्रत्येक वेळी नवं कारण दिलंत तर ते खोडून काढायचं आमंत्रणच मिळतं.

‘फरक पडला, पण त्यामुळेच कशावरून?’

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच, म्हणून याला वेगळी जागा.

माणसं बदल कधी करतात? त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा. सर्वांत वाईट दिवसांनंतर काहीही न करता बरे दिवस येतातच, आणि त्याचं श्रेय नुकत्याच केलेल्या बदलाला मिळतं. दुसरं, एकाच वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. साखर सोडली, त्याच आठवड्यात लवकर झोपायला लागलात, सुट्टीही होती. तिसरं, मोजमापच कच्चं असतं. वजन एका दिवसात पाण्यामुळे एक-दोन किलोनं सहज वरखाली होतं. कर्बोदकं एकदम कमी केली की पहिल्या आठवड्यात भराभर वजन उतरतं. त्यातला मोठा भाग चरबीचा नसतो. शरीरात साठवलेल्या कर्बोदकांच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, ते आधी बाहेर पडतं. या आठवड्यात जो ‘चार किलो उतरले’ असं जाहीर करतो त्याला तीन आठवड्यांनी ‘दोन परत आले’ हेही ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून मोजायचं ते असं.

बदल सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी करा, पण सांगताना आठवड्याची सरासरीच सांगा.

रक्तदाब मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. मोजताना बोललं किंवा पायावर पाय टाकला तरी आकडा वाढतो. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा, असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे तीन आठवड्यांनी ती करून काहीच ठरत नाही. तीन महिने थांबा. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवाही येऊ शकतो, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

ऊर्जा, मूड, झोपेचा दर्जा अशा गोष्टी रोज ठरावीक वेळी १ ते १० मध्ये लिहून ठेवता येतात. त्यांना पुरावा म्हणू नका. ‘मला असं वाटतं आणि ही नोंद आहे’ एवढंच म्हणा. शक्य असेल आणि धोका नसेल तर दोन आठवडे बदल थांबवून बघा, मग पुन्हा सुरू करा. दोन्ही वेळा फरक दिसला तर तुमचं म्हणणं बरंच मजबूत होतं. सोडलेल्या सिगारेट किंवा दारूवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका.

हे सगळं केल्यावरही ‘बहुधा त्यामुळेच’ असं म्हणा. ‘नक्कीच’ म्हणू नका.

बोलणं कुठे बिघडतं

पहिल्या पंधरा दिवसांत. उत्साह तेव्हा सर्वाधिक आणि माहिती सर्वांत कमी असते. तीन महिने होईपर्यंत विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर दहा सेकंदांचंच उत्तर द्यायचं, असा नियम केलात तर निम्मे वाद होतच नाहीत.

दुसऱ्याच्या ताटाकडे बघून केलेला एक शेरा महिनाभराचं चांगलं बोलणं धुऊन टाकतो. न मागता पाठवलेले व्हिडिओही तसेच. समोरच्याला ते पाहायचं दडपण येतं आणि तुम्ही प्रचारक वाटायला लागता. या बदलाशी जोडलेलं काही तुम्ही विकत असाल, किंवा त्यातून तुम्हाला पैसे मिळत असतील, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. नंतर कळलं तर तुमचं खरं बोलणंही खोटं वाटेल.

त्रास लपवणं ही वेगळ्या तऱ्हेची चूक आहे. कॉफी सोडली की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते आणि हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. तंतुमय पदार्थ एकदम वाढवले की पोट फुगतं, वायू होतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणीही वाढवावं. हे आधी सांगितलं नाही तर तुमचं ऐकून सुरुवात करणारा तिसऱ्या दिवशी सोडून देतो, आणि ‘त्या सगळ्या थापा’ असं इतरांना सांगतो.

घरच्यांशी वेगळं बोलावं लागतं

सहकाऱ्याला तुमचा बदल फक्त ऐकायचा असतो. घरच्यांना तो सोसायचा असतो. स्वयंपाक कोण करणार, दोन वेगळी जेवणं होणार का, पहाटेच्या गजरानं कोणाची झोप मोडणार, व्यायामाच्या वेळेत मुलांना कोण बघणार, हे त्यांचे खरे प्रश्न असतात, जरी ते ‘हे कसलं नवीन खूळ’ अशा शब्दांत आले तरी. त्यामुळे इथे फायद्यांची यादी नको. कामाची वाटणी मांडा: माझ्यापुरता वेगळा पदार्थ मीच करीन, गजर दुसऱ्या खोलीत ठेवीन, शनिवार-रविवार सगळ्यांसोबत जेवीन. आणि मागणी एकच, छोटी करा, उदाहरणार्थ ‘महिनाभर मला आग्रह करू नका.’ महिन्यानं पुन्हा बोलू असं म्हटलंत तर खरंच बोला.

‘मलाही करायचंय’ असं कोणी म्हटलं तर

इथे घाई करू नका. तुमच्यासाठी सुरक्षित असलेला बदल त्याच्यासाठी धोक्याचा असू शकतो. उत्साहाच्या भरात कृती सांगण्याआधी ‘काही औषधं चालू आहेत का?’ हे विचारा. पुढच्या परिस्थितींत आधी डॉक्टर, मगच बदल:

– इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) चालू असताना उपास केला किंवा कर्बोदकं एकदम कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.
– रक्तदाबाची औषधं चालू असतील तर वजन आणि मीठ कमी झाल्यावर मात्रा बदलावी लागू शकते. उभं राहताना चक्कर येणं ही त्याची एक खूण.
– मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाऐवजी मिळणारं पोटॅशियमचं मीठ घातक ठरू शकतं. रक्तदाबाच्या काही औषधांसोबतही तेच.
– वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या एकदम वाढवू नयेत की कमी करू नयेत, कारण त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो.
– अनेक वर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती एका दिवसात स्वतःच्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायला सांगा.
– चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल, गरोदरपण असेल, किंवा पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेला असेल.

यांपैकी काही नसेल तर तुमचा आजचा बदल जसाच्या तसा देऊ नका. तुम्ही ज्या पायरीवरून सुरुवात केली ती सांगा: पहिल्या महिन्यात काय केलं, काय जमलं नाही, काय सोडून दिलं. शक्य असेल तर तुमचं अर्धं पान दाखवा आणि त्याला त्याचं लिहू द्या, कारण त्याचं कारण वेगळं असणार आणि म्हणून मोजायची गोष्टही वेगळी.

स्वतःचं पान दर तीन महिन्यांनी तारीख घालून पुन्हा लिहा. एखादी अपेक्षा खरी ठरली नसेल तर ती खोडा, आणि ज्यांना ती आधी सांगितली होती त्यांना आपण होऊन कळवा: ‘झोपेत फरक पडेल म्हणालो होतो, तो पडला नाही. रक्तदाब मात्र उतरलाय.’